अनुभव धागा : इंग्रजीतली कुठली चूक नुसती खटकते आणि कुठली नडते?

गोदाकाठ :
इंग्रजीच्या चुकांवर हसायचे धागे ढिगानं झालेत, तसला हा नाही. मी परभणी जिल्ह्यात डिग्री कॉलेजला इंग्रजी शिकवतो, समोर बसणारी निम्मी लेकरं एसटीच्या पासवर येतात, आणि पहिलीपासून इंग्रजी शिकून आलेली असतात (२००० पासून पहिलीला सुरू झालं, आमच्या वेळी पाचवीला एबीसीडी होती). तरी फर्स्ट इयरला "डिड यू वेंट" ऐकायला येतंच. आम्ही मास्तर लोक दिसेल त्या चुकीवर लाल गोल मारत सुटतो, पण मला आता वाटायलंय की सगळ्या चुका एका मापानं मोजण्यात अर्थ नाही. काही नुसत्या कानाला टोचतात आणि काहींमुळं खरंच काम बिघडतं. तुमच्या कामात कुठली नडली ते लिहा, ती का होते असं तुम्हाला वाटतं तेही लिहा, पुस्तकी नको.

सुरुवात मीच करतो. "आय डिडन्ट वेंट" का येतं? आपण "तो गेला" म्हणतो आणि "तो गेला नाही" म्हणतो, गेला जागचा हलत नाही, मागं नुसतं नाही लागतं. इंग्रजीत नाही म्हणायला डिड आला की भूतकाळ तो उचलतो आणि वेंटचं परत गो करावं लागतं. लेकरानं वेंट एवढ्या कष्टानं पाठ केलेलं असतं, ते सोडून द्या म्हणलं की त्याला पटत नाही. पण ही चूक नडत नाही, ऐकणाऱ्याला सगळं कळतं. म्हणून मी आता तिच्यामागं फार लागत नाही.

वाळूज थर्ड शिफ्ट :
सर नडलेली सांगतो. आमची कंपनी पार्ट बनवती, नाव नको, गिऱ्हाईक इंग्लंडचं. डिस्पॅचला एक पोरगा होता, कामाला एक नंबर, फोनवर तिकडचा माणूस म्हणला "हॅवन्ट यू डिस्पॅच्ड द लॉट येट?" आणि ह्यानं सांगितलं "यस सर". आपल्या हिशोबानं बरोबरच बोलला की, "माल गेला नाही का अजून?" "हो, नाही गेला". आपलं हो म्हणजे तू म्हणतोस ते खरंय. इंग्रजीवाल्याचं यस म्हणजे काम झालंय. त्यानं धरलं माल निघाला, त्याच्या प्लॅनिंगवाल्यानं पुढची लाईन त्या तारखेला लावून टाकली, आणि इकडं लॉट पॅकिंगला तसाच पडलेला. मग मेलवर मेल, मॅनेजर लाल, शेवटी विमानानं पाठवावा लागला आणि तो खर्च आमच्या बोकांडी. पोराला सगळे म्हणायलेत खोटं बोलला. तो खोटं बोलला नव्हता हो, तो मराठीत बोलला होता, शब्द फक्त इंग्रजी होता.

दुसरी टिल आणि बाय. "आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे" हे आमच्याकडं साहेबापासून सगळे लिहितात. शुक्रवारपर्यंत देतो, शुक्रवारपर्यंत थांबतो, आपल्याला दोन्हीला पर्यंतच चालतं. पण टिल फ्रायडे म्हणजे काम शुक्रवारपर्यंत चालूच राहणार, मुदत सांगायची तर बाय फ्रायडे. ह्याच्यामुळं अजून भांडण झालं नाही, पण एकदा तिकडून उलटा मेल आला होता की तुम्ही शुक्रवारपर्यंत रोज रिपोर्ट पाठवणार का.

मोंढ्यातला :
आमच्या गॅरेजला मेझर टेपला सगळे मेजर टेप म्हणतात, आणि शेजारच्या मिलिटरीतून रिटायर झालेल्या साहेबांना पण मेजर. आजपर्यंत कुणाचं काही नडलं नाही.

हिंगोलीच्या बाई :
जिल्हा परिषदेची शाळा, सहावी-सातवी. माझ्याकडं दोन नमुने दर वर्षी येतात आणि मला ते लाल करू वाटत नाहीत. "माय फादर इज अ फार्मर. दे आर व्हेरी हार्ड वर्किंग." वडिलांना एकेरी कसं बोलायचं, बाबा आले म्हणायचं असतं, म्हणून दे. एका पोरीला मी इंग्रजीतलं "ही" (he) लावायला सांगितलं तर ती म्हणली, बाई, मग आजोबाला काय लावू. दुसरं म्हणजे "द बस केम लेट, शी वॉज फुल". ती बस, ती नदी, ती शाळा, सगळ्या शी. तो ट्रक मात्र ही. इंग्रजीत निर्जीवाला इट एवढं एकच, हे त्यांना फार कोरडं वाटत असावं.

आणि रजेचे अर्ज. सगळ्यांना एकच पाठ असतो, "आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर". ऑक्टोबरात एकानं लिहिलं "आय ॲम सफरिंग फ्रॉम सोयाबीन". मी हसले खरी पण त्या वर्षी काढणीच्या ऐन टायमाला पाऊस लागून बसला होता, त्यामुळं चूक म्हणावी तर कशी. मी सही करून टाकली.

परळी पॅसेंजर :
बाई, सोयाबीनला तर आम्ही सगळेच सफरिंग आहोत 😀

नांदेड बी.एड. :
सरांशी थोडं असहमत. डिडन्ट वेंट पूर्ण मराठीवर ढकलू नका. ज्यांची आईची भाषा इंग्रजीच आहे ती लहान लेकरं पण दोन-तीन वर्षांची असताना असंच डबल भूतकाळ लावतात. "ही गोज" मधला एस घ्या, आपल्या मराठीत तर करतो, करते, करतात, करतोस अशी शेपटं लावायची केवढी सवय, मग आपल्या पोरांना एक एस जड का जावा? पण जातो. १९७४ साली ड्युले आणि बर्ट या दोन संशोधकांनी चिनी आणि स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली मुलं घेऊन बघितलं होतं, दोन्हीकडची मुलं इंग्रजीचे हे बारके तुकडे साधारण एकाच क्रमानं उचलत होती. म्हणजे काही चुका आपल्या गावच्या आणि काही इंग्रजीच्याच घरच्या.

आणि बी.एड.ला पिट कॉर्डर या भाषातज्ज्ञाचं एक शिकवतात, १९६७ चं, ते मला वर्गात रोज कामाला येतं. घाईत जीभ घसरली आणि विचारलं की लेकरू स्वतः दुरुस्त करतं, ती वेगळी चूक. आणि विचारलं तरी त्याला बरोबरच वाटतं, ती वेगळी, कारण त्याच्या डोक्यात एक नियम तयार झालाय आणि तो नियम पाळूनच ते बोलायलंय. पहिल्या चुकीला नुसतं "काय म्हणलास?" पुरतं. दुसऱ्या चुकीला पुस्तकाचा नियम शंभरदा लिहून घेतला तरी काही होत नाही, आधी त्याचा नियम काय आहे ते काढावं लागतं. आपल्याकडं दोन्हीला एकच शिक्षा.

सिस्टर इन्चार्ज :
मी लातूरची, खाजगी दवाखान्यात आहे. कुठं ते नको. आमच्याकडं रात्रीचे डॉक्टर बाहेरच्या राज्यातले, मराठी येत नाही, म्हणून फोनवर सगळं इंग्रजीत. नवीन आलेल्या मुलींची गंमत अशी की त्या घाबरून छोटं छोटं बोलतात. एकीला डॉक्टरनं विचारलं इंजेक्शनचं काय झालं, ती म्हणाली "गेव्ह डॉक्टर". मी शेजारी उभी, ट्रेमध्ये व्हायल तशीच, सील पण काढलेलं नाही. मी म्हणलं अगं दिलंस कुठं? तर म्हणती, दिलंच की ताई, आता देतेच आहे.

कळलं का? आपल्याला खालून हाक मारली की आपण घरातूनच "आलो आलो" ओरडतो आणि अजून चप्पल पण घातलेली नसती. होणारच आहे ते झालं म्हणून सांगायची आपली पद्धत. तिनं तेच इंग्रजीत केलं. आता डॉक्टरनं फोनवर ऐकून झालं असं धरून पुढची ऑर्डर दिली असती तर? मी फोन घेऊन सांगितलं नॉट गिव्हन, गिव्हिंग नाऊ. तेव्हापासून माझ्या शिफ्टला नियम, औषध सांगताना घड्याळातली वेळ सांगायची. "गिव्हन ॲट टेन फॉर्टी". वेळ नसेल तर दिलेलंच नाही असं समजायचं. "पेशंट इज हॅविंग फीव्हर", "हेड इज पेनिंग" ह्याला मी हात लावत नाही, कुठल्याही डॉक्टरला ते समजतं.

गोदाकाठ :
बाप रे. ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं कधी.

उदगीर किल्ला :
विषयाला सोडून थोडं. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले, शाळा उर्दूतून, आणि पुढं हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात गेले तर तिथं पण सगळं उर्दूतून (१९१८ ला सुरू झालं तेव्हापासून शिकवायची भाषाच उर्दू होती), पण इंग्रजी विषय सक्तीचा. ते मरेपर्यंत इस्कूल, इस्टेशन, इस्टॅम्प म्हणायचे. आमच्या तालुक्यात अजून इस्क्रू आणि इस्टार्टर म्हणणारे मेकॅनिक आहेत, उर्दू-दखनीची सवय, शब्दाच्या सुरुवातीला स ला जोडून क किंवा ट आला की आधी इ लावून घ्यायचा. पण आजोबा तहसीलला अर्ज लिहायचे तो बघावा, एक कॉमा चुकायचा नाही, शेवटी "आय हॅव द ऑनर टू बी, सर, युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट". पुण्यात शिकलेला आमचा चुलता त्यांच्या इस्टेशनला हसायचा आणि स्वतःचा अर्ज त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचा.

क्रांती चौक :
संभाजीनगरला आयईएल्ट्सचे क्लास घेते, परदेशी जायला द्यावी लागते ती इंग्रजीची परीक्षा. इथं येणाऱ्याला वाटतं ग्रामर पक्कं झालं की बँड (म्हणजे तिथले गुण) आला. रायटिंगला चार गोष्टी बघतात, प्रश्नाला धरून उत्तर आहे का, मांडणी जुळती का, शब्द कसे वापरलेत आणि ग्रामर. चौघींना सारखं वजन, म्हणजे ग्रामर पाव हिस्सा. आणि त्या पाव हिश्श्यात पण पाच आणि सहा बँडमधला फरक काय, तर पाचला चुकांमुळं वाचणाऱ्याला अडखळायला होतं आणि सहाला चुका आहेत पण अर्थाला सहसा धक्का लागत नाही. म्हणजे सरांनी विचारलेला प्रश्नच परीक्षक पण विचारतोय.

माझ्या मुलांना सगळ्यात जड जातात ए, ॲन, द. मराठीत ही भानगडच नाही, त्यामुळं एक तर कुठंच लावत नाहीत, नाहीतर भीतीनं सगळीकडं, "द नांदेड इज ऑन बँक ऑफ गोदावरी". नेमकं उलटं. नदीला द लागतो, गावाला नाही. आणि ॲन स्पेलिंग बघून लावायचा नसतो, कानानं लावायचा. अ युनिव्हर्सिटी कारण आवाज यु, ॲन अवर कारण एच मुका, आणि ॲन एमआयडीसी प्लॉट, कारण एम म्हणताना तोंडातून आधी ए निघतो. हे एमआयडीसीचं उदाहरण दिलं की वर्गात पटकन डोक्यात बसतं, निम्म्यांचे वडील तिथंच कामाला आहेत.

पण चालीसच मिनिटात अडीचशे शब्द लिहायचे असतात, तिथं द शोधत बसलात तर निबंध राहतो. मी सांगते आधी लिहा, शेवटची पाच मिनिटं फक्त द बघायला ठेवा.

बीड बायपास :
हे सगळं ठीक पण पुण्यात हॉस्टेलला आमची काय लायकी काढली गेली ते कुणी लिहीना. "आय ॲम टेलिंग यू ओन्ली" म्हणलं की मिमिक्री सुरू. अरे तो आपला च आहे, तुलाच सांगतोय. आणि तेच लोक मीटिंग प्रीपोन करा म्हणतात ते चालतं.

क्रांती चौक :
प्रीपोन ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे दादा, भारतीय इंग्रजी म्हणून.

बीड बायपास :
मग ओन्ली पण येईल कधीतरी. आणि नाही आला तरी आम्ही ओन्ली म्हणणारच.

नांदेड बी.एड. :
येईल न येईल, पण ओन्लीमुळं माल अडकला असं कुणी सांगितलं नाही अजून. हसणारे पुणेकर ह्या धाग्याच्या हिशोबात धरू नका, ते खटकण्याच्या खात्यात.

मोंढ्यातला :
थर्ड शिफ्ट दादा, त्या पोराचं काय झालं मग?

वाळूज थर्ड शिफ्ट :
आहे की, आता तोच कॉल घेतो. आम्ही सिस्टर ताईंसारखंच केलंय, नुसतं यस किंवा नो म्हणायचंच नाही. पूर्ण बोलायचं, "लॉट इज नॉट डिस्पॅच्ड". समोरच्यानं प्रश्न सरळ विचारू दे की उलटा, उत्तर एकच. टिल-बायचा पण कटाळा आला, आता सरळ वार लिहितो, "ऑन फ्रायडे", विषय संपला.

गोदाकाठ :
ताई आणि दादा, तुमची दोन्ही उदाहरणं मी सोमवारी वर्गात घेतो, चालेल ना? "हॅवन्ट यू" चे प्रश्न तोंडी विचारून बघतो किती जण यस म्हणतात.

सिस्टर इन्चार्ज :
घ्या सर. वॉर्डाचं काही सांगू नका फक्त. आणि "आलो आलो" वर पण एक तास घ्या, आमच्याकडं येणाऱ्या मुली तुमच्याच भागातल्या असतात.