परिमिती की क्षेत्रफळ? चौथीच्या मुलांची उजळणी

ए-२०३: चौथीच्या मुलांचे पालक आहेत का कोणी? पुढच्या आठवड्यात गणिताची चाचणी आहे. लेकीला सूत्रं पाठ आहेत, पण बागेला कुंपण घालायचं गणित आलं तरी लांबी गुणिले रुंदीच करते.

बी-४०४: आमच्याकडेही हेच चाललंय. रोज उदाहरणं सोडवून घेतोय, फरक शून्य.

सी-१०१: अहो, आणखी उदाहरणं नका देऊ. मी बरीच वर्षं तिसरी-चौथीला शिकवलंय. सूत्र आधी हातात आलं की मुलं दोन आकडे दिसले रे दिसले की गुणून टाकतात. चार दिवस सूत्र बाजूला ठेवा आणि फरशांवर बसवा. खडूने ४ फरशा लांब, ३ फरशा रुंद असा आयत आखा. आतल्या फरशा मोजल्या, १२. हे क्षेत्रफळ. आता खडूच्या रेघेवरून बोट फिरवत एकेक कड मोजायची, १४. ही परिमिती.

ए-२०३: काकू, आत्ताच करून बघितलं. ती १० म्हणतेय!

सी-१०१: म्हणजे तिने कडेच्या फरशा मोजल्या. फरशांच्या कडा मोजायला सांग. कोपऱ्यातल्या फरशीच्या दोन कडा बाहेर येतात ना, म्हणून ४ वाढतात. हे तिचं तिला सापडू दे, तू सांगू नकोस.
मग काडेपेटीच्या २० काड्या दे (गूल काढून). ९ बाय १ चा आयत केला तर आत ९ चौकोन, ६ बाय ४ केला तर २४, ५ बाय ५ चा चौरस केला तर २५. काड्या तेवढ्याच, आतली जागा बदलते. माझ्या वर्गात बहुतेकांचा घोळ इथेच सुटायचा.

बी-४०४: काकू, आमचा पट्टी १ पासून लावतो. उत्तर नेहमी १ ने जास्त.

सी-१०१: तो रेघा मोजतोय, मधली घरं मोजायला हवीत. तुटकी पट्टी दे त्याला. पेन्सिल ३ पासून ११ पर्यंत आली, तर किती सेंटीमीटर? ८. हे जमलं की शून्याचं महत्त्व आपोआप कळतं.

ए-५०५: कोनांसाठी घड्याळ घ्या. ३ वाजता काटकोन, २ वाजता लघुकोन, ५ वाजता विशालकोन. आणि साडेतीनला काय, हे नक्की विचारा. मुलं काटकोन म्हणतात, पण तासकाटा तोवर ४ कडे निम्मा सरकलेला असतो, म्हणून तो लघुकोन.

बी-४०४: दादा, हे भारी आहे. रविवारी सकाळी सगळ्या मुलांना खाली बॅडमिंटन कोर्टवर आणूया का? दुहेरीचं कोर्ट नियमाने १३.४ मीटर बाय ६.१ मीटर असतं. आपलं तेवढं भरतं का, ते मुलांनाच मोजू दे.

सी-१०१: मी येते. आधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा, मगच टेप उघडायचा.

ए-५०५: माझ्याकडे १५ मीटरचा टेप आहे. खडू कोणीतरी आणा.