शब्दचर्चा: 'निष्क्रिय प्रतिकारशक्ती'ला दुसरा शब्द, आणि 'डबा' म्हणजे नेमकं काय?

तापीकाठ: गावातल्या गरोदर बायांसाठी एक पत्रक लिहितोय. पुस्तकात आईकडून बाळाला मिळते तिला 'निष्क्रिय प्रतिकारशक्ती' म्हटलंय, पण निष्क्रिय म्हटलं की बिनकामाचीच वाटते ना. दुसरा शब्द सुचवा. आणि बाळाला धाप लागली की आपल्याकडे 'डबा झाला' म्हणतात त्याला प्रमाण शब्द कोणता लिहू?

यावलची_सिस्टर: दादा, निष्क्रिय बाळ असतं, शक्ती नाही. बाळानं स्वतः काही बनवलेलं नसतं, वारेतून आईची तयार प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, येतात आणि त्यातली बरीचशी शेवटच्या तीन महिन्यांत, म्हणून सातव्या महिन्यात झालेल्या बाळाच्या वाट्याला ती कमी येतात. पुढे ती सरत जातात, सहाव्या महिन्यापर्यंत बहुतेक संपतात आणि बाळाची स्वतःची अजून पुरती तयार झालेली नसते. मी 'उसनी' म्हणते, बायांना लगेच कळतं, उसनं कधीतरी सरणारच.

'जन्मजात' मात्र लिहू नका, तो शब्द वेगळ्या गोष्टीला आहे, कातडी, सूज, जंतू गिळणाऱ्या पेशी ही बाळाची स्वतःची पहिली फळी. आणि चिकाबद्दल, म्हणजे बाळंतपणानंतरच्या पहिल्या दुधाबद्दल, लिहाच, अजून काही घरांत पिळून टाकतात हो! त्यातली प्रतिपिंडं रक्तात फारशी जात नाहीत, आतड्याच्या अस्तरावर राहून काम करतात.

सातपुडा_पायथा: उसनी मस्त शब्द. डब्याचं मात्र ताई-दादा, एका शब्दात भाषांतर करूच नका. आरएसव्ही नावाच्या विषाणूनं बारीक श्वासनलिका सुजल्या तरी डबा आणि न्यूमोनिया झाला तरी डबाच, कारण आईला दिसतं ते एकच, पोट उडतंय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, "पोर्‍याले धाप लागनी". हे अडाणीपण नाही, डॉक्टरसुद्धा आधी हेच बघतात. गडचिरोलीत बंग डॉक्टर दांपत्यानं गावातल्याच लोकांना बाळाचा श्वास मोजायला शिकवून न्यूमोनियावर काम केलं, १९९० मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं.

म्हणून पत्रकात 'डबा'च ठेवा आणि पुढे लिहा, बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त भरले, किंवा खड्डा पडतोय, दूध ओढत नाही, तर लगेच दवाखाना. डब्यावर उपाय म्हणून पोटावर चटके अजिबात नाही. आणि ओव्या-लसणाची धुरी बाळाच्या खोलीत नको, आधीच सुजलेल्या नळ्यांना धूर कशाला.

तापीकाठ: ठरलं, 'उसनी' आणि 'डबा'. आता तो बरगड्यांखालचा खड्डा, त्याला अहिराणीत काय म्हणतात? साक्री, शिरपूरकडच्यांनी सांगा, तोच शब्द चित्राखाली टाकतो.