मदत हवी आहे: तिसरा टास्क सुरूच होत नाही

पाऊलवाट: चार दिवस डोकं फोडतोय. मायक्रोकंट्रोलर बोर्डावर सेन्सर, डिस्प्ले, लॉग असे तीन टास्क, म्हणजे आपापली चालणारी कामं. पहिले दोन व्यवस्थित. तिसऱ्याच्या पहिल्याच ओळीत एलईडी लावलाय, तो लागतच नाही. एररही नाही. हाच कोड जुन्या बोर्डावर महिनाभर चालला! शुक्रवारी द्यायचंय.

तांबडीतार: बोर्ड कुठला? ओएस कुठली?

पाऊलवाट: फ्रीआरटीओएस, छोट्या चिपसाठीची रिअल-टाइम ओएस.

जुनाखोडरबर: तीन कामांसाठी आरटीओएस हवीच कशाला? कामं एकामागून एक करणारा साधा व्हाइल लूप आणि एक टायमर. मी कित्येक वर्षं तेवढ्यावरच काम करतोय.

निळीशाई: झेफर या दुसऱ्या आरटीओएसवर या. २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनकडे आहे, ड्रायव्हर तयार मिळतात.

तांबडीतार: अहो, शुक्रवारी द्यायचंय त्यांना. आज झेफरचं डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं वर्णन लिहायची पद्धत) शिकत बसायचं का?

दूरदर्शी: प्रायॉरिटी इन्व्हर्जन असणार, म्हणजे कमी महत्त्वाच्या टास्कमुळे जास्त महत्त्वाचा अडकतो. १९९७ मध्ये मंगळावर पाथफाइंडर यान यामुळेच रीसेट होत होतं. यानात व्हीएक्सवर्क्स ही आरटीओएस होती. म्यूटेक्सचं (एका वेळी एकाच टास्कला आत सोडणाऱ्या कुलुपाचं) प्रायॉरिटी इनहेरिटन्स, म्हणजे कुलूप धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याची प्रायॉरिटी देणं, पृथ्वीवरून चालू केलं तेव्हा थांबलं.

तांबडीतार: किस्सा खरा आहे, पण यांचा टास्क अडकायला आधी सुरू तर व्हायला हवा. पाऊलवाट, बोर्ड सांगा.

पाऊलवाट: एसटीएम३२एफ१०३, २० केबी रॅमवाला. आधी ईएसपी३२ होता. प्रत्येक टास्कला स्टॅक (त्याची स्वतःची तात्पुरती मेमरी) २०४८.

तांबडीतार: सापडलं. ईएसपी-आयडीएफमध्ये (ईएसपी३२ च्या डेव्हलपमेंट किटमध्ये) तो आकडा बाइटमध्ये असतो, मूळ फ्रीआरटीओएसमध्ये वर्डमध्ये. तुमच्या चिपवर एक वर्ड म्हणजे चार बाइट. प्रत्येकी ८ केबी, तिघांचे २४. रॅमच २० आहे. टास्क बनवणारं टास्क क्रिएट फंक्शन काय परत देतं, तपासलंत?

पाऊलवाट: नव्हतं तपासलं. आत्ता पाहिलं, -१ येतंय, म्हणजे मेमरी मिळाली नाही. तिघांना १२८ केलं, तिन्ही सुरू झाले! पण पाच मिनिटांत डिस्प्लेवर कचरा अक्षरं.

तांबडीतार: लॉगमध्ये फ्लोट (दशांश आकडे) छापताय ना? ते छापणारं प्रिंटएफ फार स्टॅक खातं. लिनक्सवर फार तर ती एक प्रोसेस मेली असती. इथे एमएमयू (प्रत्येकाची मेमरी वेगळी राखणारं हार्डवेअर) नाही, एकाचा स्टॅक शेजारच्याच्या मेमरीत घुसला तरी कुणी अडवत नाही. कर्नल काही केबींत मावतो आणि टास्क झटकन बदलतो, त्याची ही किंमत. स्टॅक ओव्हरफ्लो तपासणी २ वर ठेवा, ओव्हरफ्लो झाला की चालणारं हुक फंक्शन लिहा आणि प्रत्येक टास्कचा हाय वॉटर मार्क (आतापर्यंत कमीत कमी किती स्टॅक शिल्लक राहिला) छापून बघा.

जुनाखोडरबर: लूपमध्ये एकच स्टॅक असतो, म्हणून म्हणत होतो.

निळीशाई: आणि सेन्सरने वाट पाहायला लावली की डिस्प्लेही थांबतो, ते?

पाऊलवाट: लॉगला ५१२ दिले, ११८ वर्ड शिल्लक दिसतायत. सेन्सरचे फक्त ९ उरलेत, त्यालाही वाढवतो. रात्रभर चालू ठेवतोय, सकाळी आकडे टाकतो. तांबडीतार, मनापासून आभार.

कोवळंपान: माझा टास्क सुरू होतो, पण इंटरप्टमधून (हार्डवेअरच्या हाकेवर मध्येच चालणाऱ्या कोडमधून) क्यूमध्ये, म्हणजे टास्कसाठीच्या निरोपांच्या रांगेत, लिहिलं की सगळंच थांबतं. हेच कारण असेल का?

तांबडीतार: नवीन धागा काढा. बोर्ड, इंटरप्टची प्रायॉरिटी आणि इंटरप्टसाठीचं फ्रॉम-आयएसआरवालं फंक्शन वापरलंय का, एवढं पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.