‘टाकीच्या ५० पट पंप घ्या’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

खारा_वारा
काल एकाने रीफ, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांची टाकी, लावणाऱ्या नव्या लोकांसाठी सल्ला टाकला: "रीफसाठी पंप निवडताना डोकं चालवू नका. टाकीचे लिटर गुणिले ५०, ताशी तेवढे लिटर देणारा वेव्हमेकर (टाकीत पाणी ढवळणारा पंप) घ्या. विषय संपला." खाली धन्यवादांची रांग. मला राहवलं नाही.

विषय तिथे सुरू होतो हो. ३०० लिटरची टाकी धरा. ५० पट म्हणजे ताशी १५,००० लिटर. हे सगळं अरुंद तोंडाच्या एकाच पंपातून कोपऱ्यातून सोडलं, तर समोरची वाळू उडून तळाची काच उघडी पडते, धारेत सापडलेल्या टॉर्च प्रवाळाचं मांस सांगाड्यावरून सोलून निघतं, आणि दगडांच्या मागे पाणी इतकं निपचित की डेट्रिटस (कुजकी घाण) साचून सायनोबॅक्टेरियाची लाल चादर. त्याऐवजी ६,०००चे दोन रुंद तोंडाचे पंप समोरासमोरच्या काचांवर लावून आलटून पालटून चालवा. आकड्यात हे हरतात, टाकीत जिंकतात.

प्रवाळाच्या अंगालगत पाण्याचा एक पातळ, जवळपास थांबलेला थर असतो. प्राणवायू, अन्न, कॅल्शियम आत येणार आणि घाण बाहेर जाणार ती त्यातूनच. वेग पुरेसा असला आणि दिशा बदलत राहिली की तो थर पातळ होतो. म्हणजे प्रश्न त्या जागी, त्या फांदीशी पाणी किती वेगाने जातंय हा आहे. खोक्यावर तो आकडा छापलेला नसतो. खाद्याचा एक कण सोडा आणि बघा. ६० सेंटीमीटर अंतर ४ सेकंदांत कापलं तर सेकंदाला १५ सेंटीमीटर. एवढं तर कोणालाही जमतं.

सम्पसम्राट
तो "एक" मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

नवा माणूस दोन खोकी हातात घेऊन गोंधळलेला असतो. त्याला तुम्ही थर शिकवणार? मऊ प्रवाळांना १० ते २० पट, एलपीएसला (मोठे पॉलिप, म्हणजे प्रवाळातले छोटे जीव, असलेली कठीण प्रवाळं) २० ते ३०, एसपीएसला (बारीक पॉलिपची कठीण प्रवाळं) ४०च्या वर, हा हिशेब सगळे वापरतात आणि टाक्या चालतात. माझ्या एसपीएसची, अ‍ॅक्रोपोरांची, टोकं बघा, मग बोलू. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

खारा_वारा
आत्ता तीन वेगळे आकडे दिलेत. काल मात्र झोआवाल्यालाही (मऊ प्रवाळ) ५०च सांगितलं होतंत.

जुना_खेकडा
दोघांनाही एक विचारतो. या ५० पटीत रिटर्न पंप (खालून टाकीत पाणी परत चढवणारा) धरणारे महाभाग किती? सम्पमधून (टाकीखालची गाळणीची टाकी) ३ ते ५ पट पाणी फिरलं की बास. रिटर्नवरचा आकडा शून्य उंचीचा असतो, पाणी मीटर-दीड मीटर वर चढवून दोन एल्बोंतून वळवलं की तो बराच उतरतो. आणि मोठा रिटर्न लावून ओव्हरफ्लो (टाकीतून सम्पमध्ये पाणी उतरायची वाट) रात्रभर गुरगुरत ठेवायचा, वर घरच्यांना "समुद्राचा आवाज" म्हणून सांगायचं!

पण खरा मुद्दा कोणीच काढत नाहीये. लाइट गेली की तुमचे सगळे पट शून्य. खाऱ्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, गोड्यात ८च्या वर. आमच्याकडे रात्री लाइट गेली आणि पहाटे टँग मासा पृष्ठभागाशी तोंड वासून. पंप घेताना पहिला प्रश्न: तो बॅटरीवर चालेल का?

निवांत_पॉलिप
खेकडेदादांशी शंभर टक्के सहमत. म्हणून डीसी पंपच घ्यावा. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-अवर. पंप मंद करून ५ वॅटवर आणला तर १६ तास निघतात.

वजा_बाकी
१६ तास कागदावर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण उपसायची नसते, निम्मी धरा. ८ तास. आणि पंप २४ व्होल्टचा असेल तर १२ची बॅटरी जोडून चालेलच असं नाही, कंट्रोलर काय मान्य करतो ते आधी वाचा.

निवांत_पॉलिप
८ तासही पुरतात की. दुसऱ्याच्या उत्तरात चुका काढायलाच तुम्ही आयडी घेतलाय का?

वजा_बाकी
मासे मेल्यावर काढण्यापेक्षा आधी काढलेल्या बऱ्या.

सम्पसम्राट
घरात इन्व्हर्टर असेल तर एसी पंपाला काय धाड भरलीये? माझे वर्षानुवर्षं चाललेत.

वजा_बाकी
प्युअर साइन वेव्हचा असेल तर काहीच नाही. स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुरगुरतो आणि तापतो. तुमचा कुठला आहे?

सम्पसम्राट
साइन वेव्हच आहे. पण ते लिहायची गरज वाटली नव्हती.

वजा_बाकी
हो ना, "विषय संपला" होता.

जुना_खेकडा
भांडा सावकाश. तोवर बॅटरीवरचा एक साधा एअर पंप आणून ठेवा. बुडबुड्यांनी मीठ उडतं, काच खराब होते, दिसतं घाण. मासा मात्र जगतो.

निवांत_पॉलिप
अवांतरच चाललंय तर, मोटर काचेबाहेर राहणारे चुंबकी जोडणीचे पंप कोणी वापरतं का? वोर्टेकसारखे? वायर पाण्यात नाही, उष्णताही बाहेर.

वजा_बाकी
मोटरची बाहेर. पाण्याला दिलेली ताकद शेवटी पाण्यातच उष्णता होते, ती कुठे जात नाही. फायदा आहे, जाहिरातीइतका नाही. काचेची जाडी मात्र आधी मोजा, प्रत्येक मॉडेलची मर्यादा ठरलेली असते.

खारा_वारा
माझ्या धाग्याचं बॅटरीचं दुकान झालंय, तरी मूळ मुद्द्यावर येतो. सम्पसम्राट, तुमचा १५,०००चा पंप सहा महिन्यांनी १५,०००च असतो का? इम्पेलरवर (पंपातल्या फिरत्या पात्यांवर) कॅल्शियमचा पांढरा खर चढतो, जाळीवर कोरलाइन शेवाळ बसतं, प्रवाह गुपचूप उतरतो. मग लोक "प्रवाळ कोमेजलं" म्हणून दिवे बदलत बसतात. पंप काढून व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात चालवला की खर विरघळतो. म्हणून पंप निवडताना मी आधी बघतो, तो हत्याराशिवाय उघडतो का. एकाचा इम्पेलर काढायला चिमटा लागायचा, तो मी पुन्हा कधी घेतला नाही.

सम्पसम्राट
हे मात्र मान्य. साफसफाईचं मीही लिहायला हवं होतं, असं म्हणा आणि खूश व्हा.

नवा_गडी
पूर्ण धागा वाचला. बॅटरी कळली, पंप कळला नाही. टाकी १२० लिटरची, लांबट. झोआ, लेदर ही मऊ प्रवाळं आणि एक हॅमर (एलपीएस). काय घेऊ?

खारा_वारा
ताशी ३,०००पर्यंत जाणारा, वेग कमी-जास्त करता येणारा एक डीसी वेव्हमेकर. आधी निम्म्यावर चालव. मागच्या कोपऱ्यात वरच्या बाजूला लाव, तोंड समोरच्या काचेकडे तिरकं, म्हणजे धार काचेवर फुटून पसरेल आणि पृष्ठभागही हलेल. हॅमर थेट धारेत नको. त्याचे पॉलिप डुलले पाहिजेत, एका बाजूला झोपले तर वेग कमी कर.

सम्पसम्राट
१२० गुणिले २५. शेवटी गुणाकारच केलात!

खारा_वारा
केला. तोंड कुठे करायचं ते तुमच्या गुणाकारातून काढून दाखवा.

नवा_गडी
आणि पुढे अनिमोन (समुद्रफूल) आणलं तर?

जुना_खेकडा
आणू नकोस. ते चालत जाऊन पंपात अडकतं आणि तुकडे टाकीभर होतात. आणायचंच असेल तर आधी पंपाला बारीक जाळी, मग अनिमोन. आणि वायर प्लगपर्यंत नेताना खाली झोळ ठेव, ओघळलेलं पाणी सॉकेटात जायला नको.

वजा_बाकी
जाळी लावली की प्रवाह कमी होतो. २५ पट राहणार नाहीत.