जाहिरातींऐवजी मायनिंग: वाचकाला विचारून त्याचा सीपीयू वापरला तर काय बिघडलं?

कृष्णाकाठ, सांगली

मंडळी, एक विषय मांडतोय. पटलं नाही तर स्पष्ट सांगा.

आमची एक छोटी वेबसाइट आहे. मार्केट यार्डातले हळद, बेदाणा, गुळाचे दर आणि पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी. सौद्याच्या वेळी एक पोरगा यार्डात उभा असतो, त्याचा पगार आहे, सर्व्हरचं भाडं आहे. जाहिरातींतून हे निघत नाही. आणि ज्या जाहिराती येतात त्या मलाच माझ्या पानावर बघवत नाहीत: पाच मिनिटांत कर्ज, रमी, ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला’. माणूस येतो राजापुरी हळदीचा दर बघायला, जाहिरात घालवायला फुलीवर बोट ठेवतो, आणि ती फुलीच जाहिरातीचा भाग निघते. कुठलं तरी अ‍ॅप उतरायला लागतं. शिव्या आम्हाला बसतात, आणि त्या बरोबरच आहेत.

सप्टेंबर २०१७ मध्ये कॉइनहाइव्ह नावाची सेवा आली होती. वेबसाइटच्या पानात जावास्क्रिप्ट या प्रोग्रामच्या भाषेतल्या दोन-चार ओळी टाकायच्या. पान उघडं असेपर्यंत वाचकाच्या मशीनचा सीपीयू, म्हणजे आकडेमोड करणारा मुख्य भाग, मोनेरो या आभासी चलनासाठी आकडेमोड करायचा आणि मोबदल्यात ते चलन मिळायचं. यालाच मायनिंग म्हणतात. कमाईतले ७० टक्के वेबसाइटला, ३० टक्के कॉइनहाइव्हला. बिटकॉइनला खास यंत्रं लागतात, मोनेरोची पद्धत साध्या सीपीयूलाही जमेल अशी ठेवलेली होती, म्हणून हे शक्य झालं.

बदनाम झालं ते चोरून वापरल्यामुळे. पायरेट बे या साइटनं कुणाला न सांगता चाचणी घेतली आणि लोक खवळले. पण सलॉन या अमेरिकी नियतकालिकानं फेब्रुवारी २०१८ मध्ये वाचकाला सरळ विचारलं होतं: जाहिराती बघता, की त्या बंद करून तुमच्या मशीनची शिल्लक ताकद आम्हाला देता? युनिसेफ ऑस्ट्रेलियानं त्याच वर्षी एक पान काढलं. ते उघडं ठेवलं की मायनिंगचे पैसे मुलांच्या मदतीला जायचे, आणि किती ताकद द्यायची हे पान उघडणारा स्वतः ठरवायचा.

कॉइनहाइव्ह ८ मार्च २०१९ ला बंद पडलं. तरी माझा प्रश्न उरतोच. मोठं बटण, साध्या मराठीत मजकूर, वाचक ‘हो’ म्हणाला तरच सुरू, आणि पाव हिश्श्याच्या वर सीपीयू घ्यायचा नाही. असं केलं तर कुणाचं काय बिघडलं?

---

पानापक्कड, विश्रामबाग

दादा, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण माझं दुरुस्तीचं दुकान आहे, त्या बाजूनं सांगतो.

त्या काळात लॅपटॉप यायचे, तक्रार एकच: पंखा थांबत नाही, बॅटरी उतरते. टास्क मॅनेजर उघडला की ब्राउझर शंभर टक्क्यांवर. गिऱ्हाईक म्हणायचं, ब्राउझर तर मघाशीच बंद केला. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालवेअरबाइट्स या सुरक्षा कंपनीनं ही भानगड उघड केली होती. काही साइट एक बारकी खिडकी उघडून ती खालच्या पट्टीवरच्या घड्याळामागं लपवायच्या. मोठी खिडकी बंद केली तरी ती मागं चालूच. खालची पट्टी ओढून वर घेतली की मग दिसायची.

तुम्ही असं करणार नाही, मान्य. पण ज्याला एकदा हा चटका बसलाय तो तुमचं बटण वाचणार नाही. ‘मायनिंग’ शब्द दिसला की साइट बंद करणार.

आणि लॅपटॉप आहेत किती जणांकडे? तुमचे वाचक फोनवर. सात-आठ हजारांचा फोन, तीन वर्षं जुनी बॅटरी, उन्हात बांधावर उघडलेला. पाव हिस्सा म्हणालात तरी तो फोन तापणारच. डिसेंबर २०१७ मध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीनं लोआपी नावाच्या अँड्रॉइड व्हायरसची चाचणी घेतली. त्यातलं एक काम मोनेरोचं मायनिंग होतं. दोन दिवसांत फोनची बॅटरी फुगली. तो व्हायरस होता, तुमचं पान नव्हे, पण फोनला तो फरक कळत नाही.

---

गणित_मांडा, सांगली

भावना बाजूला ठेवून आकडे बघू.

कॉइनहाइव्हचा स्वतःचा अंदाज होता की साइटवर सतत १० ते २० जण मायनिंग करत असले तर महिन्याला साधारण ०.३ मोनेरो मिळेल. मधला आकडा १५ धरा. १५ मशीन, महिन्याचे ७२० तास, म्हणजे १०,८०० तास. मोनेरो ३०० डॉलरच्या वर होता तेव्हा ०.३ चे झाले शंभरेक डॉलर, त्या वेळचे साडेसहा हजार रुपये. एका मशीनच्या एका तासाला साठ पैसे.

आता तुमची साइट. दर बघायला माणूस किती वेळ थांबतो? दोन मिनिटं धरतो. दिवसाला ५,००० वाचक आले आणि सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं असं समजू. एकूण झाले १६६ तास, म्हणजे शंभर रुपये रोज. हे चढ्या भावात, आणि सगळे कॉम्प्युटरवर असतील तर. फोन असतील तर त्याचा एक तुकडा. पाव हिस्साच ताकद घेणार म्हणालात, म्हणजे त्याचेही चार भाग.

आणि तो भाव तेव्हा टिकला नाही. कॉइनहाइव्हनं बंद करताना जी कारणं दिली त्यात एक हे होतं की मोनेरो वर्षभरात ८५ टक्क्यांहून जास्त घसरला. शंभराचे पंधरा झाले. यार्डातल्या पोराचा चहासुद्धा निघाला नसता.

वाचकाचा खर्च बघा. मायनिंगला जादाची २० वॅट वीज धरली तर १६६ तासांत सव्वातीन युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तर साधारण ३३ रुपये. त्या पडलेल्या भावात वाचकांचे ३३ गेले आणि तुम्हाला १५ मिळाले. उरलेले कुणाच्याच खिशात गेले नाहीत, त्यांची उष्णता झाली. माझा विरोध इथंच आहे. जाहिरातीत निदान पैसा एकाकडून दुसऱ्याकडे जातो, इथं तो वाटेत जळतो.

शिवाय आज हे करणार कशावर? मोनेरोनं नोव्हेंबर २०१९ मध्ये रँडमएक्स ही मायनिंगच्या आकडेमोडीची पद्धत घेतली. पूर्ण वेगासाठी तिला दोन जीबीहून जास्त मेमरी लागते. कमी मेमरीची २५६ एमबीची सोय आहे, पण ती फार मंद. दशांशातल्या आकडेमोडीचं उत्तर जवळच्या आकड्यावर आणण्याच्या (राउंडिंगच्या) ज्या वेगवेगळ्या रीती ती वापरते, त्यांतली एकच वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउझरमध्ये प्रोग्राम वेगानं चालवायच्या सोयीत, आहे, बाकीच्या फिरवून फिरवून कराव्या लागतात. साधा प्रोग्राम चालवणाऱ्यापुढं ब्राउझर कुठंच टिकत नाही.

---

कराडची_लेक

गणित चोख आहे, पण एक खातं त्यात मांडलेलंच नाही.

जाहिरातीचा खर्च वाचकाला शून्य आहे असं धरून तुम्ही बोलताय. मी काय शोधलं, कुठल्या गावात आहे, कुठला फोन आहे, कशावर किती वेळ थांबले, हे सगळं घेऊन माझी किंमत लावली जाते. माझ्या आईनं एकदा गुडघेदुखीवर वाचलं, नंतर कित्येक दिवस तिला तेलाच्या, पट्ट्यांच्या, ‘ऑपरेशनशिवाय बरे व्हा’च्या जाहिराती. तिला वाटलं फोन तिचं बोलणं ऐकतो. तिला कुणी ‘हो की नाही’ विचारलंच नव्हतं.

मायनिंगला मी कोण हे माहीत असावं लागत नाही. आकडेमोड केली, संपलं. पान बंद केलं की हिशोब बंद. माझ्यासाठी हा फार मोठा फरक आहे. त्यासाठी दोन मिनिटांची वीज मी आनंदानं देईन.

जाहिरातींचा डेटाही बघा ना. पानावर दराचे चार आकडे आणि त्यांच्यापायी उतरणारे व्हिडिओ. तो रिचार्ज कोण भरतं?

कृष्णाकाठ दादा, तुम्ही विचारताय म्हणून तुमच्यावर टीका होतेय. न विचारता घेणाऱ्यांना कुणी काही बोलत नाही, याचं वाईट वाटतं.

---

सातारकर_वकील

कायद्याची बाजू कुणी काढली नाही म्हणून लिहितो.

आपल्याकडे आयटी कायदा २००० चं कलम ४३ आहे. संगणकाच्या मालकाची किंवा तो ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी न घेता तो वापरला, त्याचं काम बिघडवलं, तर भरपाई. हेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चोरून मायनिंग करणाऱ्याला इथं पळवाट शोधणं अवघड आहे.

आता ‘विचारून’. बटण दाबणारा त्या मशीनचा मालक आहे का? ग्रामपंचायतीतला ऑपरेटर, सोसायटीचा क्लार्क, कॉलेजच्या लॅबमधलं पोर. ही मंडळी तुमचे दर ऑफिसच्या मशीनवर बघतात. त्यांनी ‘हो’ म्हटलं म्हणजे मालकानं म्हटलं असं होत नाही. या परवानगीवर मी अशिलाला भरवसा ठेवायला सांगणार नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. जपानमध्ये एका वेब डिझायनरनं स्वतःच्या साइटवर कॉइनहाइव्ह लावलं, तेही वाचकांना न सांगता. त्याच्यावर खटला झाला. खालच्या कोर्टानं सोडलं, टोकियोच्या उच्च न्यायालयानं दोषी धरलं, आणि २० जानेवारी २०२२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निर्दोष ठरवलं. मशीनवर झालेला परिणाम फार नाही, जाहिरातीच्या प्रोग्रामपेक्षा तो फारसा वेगळा नाही, असा एकूण सूर होता. म्हणजे मायनिंगची जाहिरातीशी तुलना करायचा कराडच्या ताईंचा विचार एका सर्वोच्च न्यायालयानंही केलाय. आपल्या कोर्टावर तो निकाल बंधनकारक नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

करही बघून ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून अशा चलनाच्या विक्रीतल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि मायनिंगच्या यंत्रणेचा खर्च त्यातून वजा मिळत नाही.

---

तासगावचा_बागाईतदार

मी ही साइट रोज बघणारा आहे. बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवलाय. काढायचा की थांबायचं, हे दरावर ठरतं. किलोमागं पाच-दहा रुपयांचा फरक म्हणजे माझ्यासाठी बागेच्या फवारणीच्या औषधाचा वर्षाचा खर्च. तुमचा सौद्याचा आकडा मला व्यापाऱ्याच्या फोनच्या आधी मिळतो. ही किंमत तुम्हाला कळत नाही असं वाटतं.

मला मायनिंग नको आणि रमीपण नको. महिन्याला पन्नास रुपये मागा. क्यूआर कोड लावा. माझ्यासारखे तासगाव, मिरज, कवठे महांकाळमध्ये किती आहेत एकदा विचारून तर बघा. फोन तापवून दोन पैसे घेण्यापेक्षा तोंडानं मागितलेलं मला आवडेल.

---

कृष्णाकाठ, सांगली

तासगावच्या दादांचे मनापासून आभार. पण अडचण सांगतो. जो पन्नास रुपये देऊ शकत नाही, किंवा ज्याला ऑनलाइन पैसे देता येत नाहीत, त्याला दर दिसायला नकोत का? पाणीपातळी तर पैसे मागून दाखवायची गोष्टच नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाही आपला वाटा उचलता यावा, ही माझी ओढ होती. मायनिंगमध्ये मला तेच दिसलं.

गणित_मांडा, तुमचे आकडे मला खोडता येत नाहीत. मोनेरो आज ब्राउझरमधून परवडत नाही, मान्य. पण हलक्या पद्धतीचं दुसरं चलन असेल तर? तत्त्व म्हणून दार बंद करू नका.

---

गावभाग

पाणीपातळीचं नाव काढलंत म्हणून बोलते.

ऑगस्ट २०१९ चा पूर. आयर्विनला इशारा ४० फुटांवर, धोका ४५ वर, आणि पाणी ५७ च्या पुढं गेलं. आमच्या गल्लीत लाइट नव्हती. पहिल्या मजल्यावर अकरा माणसं आणि चालू फोन दोन. एक बोटवाल्यांशी बोलायला ठेवलेला, दुसऱ्यावर कोयनेतून किती पाणी सोडलं आणि आयर्विनला किती झालं, एवढंच बघायचो. बघितलं की फोन लगेच बंद. वीस टक्क्यांवरून अठरावर आलं तरी पोटात गोळा यायचा.

तुमच्या साइटवर सगळ्यात जास्त गर्दी कधी होते? त्याच दिवसांत. म्हणजे तुमची कमाई सगळ्यात जास्त होणार ती आमच्या शेवटच्या बॅटरीवर. आणि घाबरलेला माणूस बटणावरचं वाचत नाही. पाणी किती, हे दिसायला काय दाबायचं, तेवढंच शोधतो. तेव्हाचा ‘हो’ मी ‘हो’ मानत नाही.

---

पानापक्कड, विश्रामबाग

ताईंनी लिहिलं त्यापुढं माझ्याकडे फार काही नाही. एकच जोडतो. बाहेरून आणलेली स्क्रिप्ट तुमच्या हातात नसते. फेब्रुवारी २०१८ मध्ये पान मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या ब्राउझअलाउड नावाच्या सोयीत कुणीतरी कॉइनहाइव्ह घुसवलं. ती लावलेल्या चार हजारांहून जास्त साइट, त्यात ब्रिटनच्या माहिती आयुक्तांची स्वतःची, वाचकांच्या मशीनवर मायनिंग करू लागल्या. तुम्ही पाव हिस्सा म्हणून लावाल, तिकडून कुणी तो पूर्ण केला तर तुम्हाला कधी कळणार?

फायरफॉक्स ब्राउझर तर सप्टेंबर २०१९ पासून माहितीतल्या मायनिंगच्या स्क्रिप्ट न विचारताच अडवतो.

---

कराडची_लेक

गावभागच्या ताई, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पूर असताना मायनिंग नको, पाणीपातळीच्या पानावर कधीच नको. पण मग त्या पानावरचे व्हिडिओही त्याच बॅटरीवर चालतात, तेही त्या दिवसांत बंद हवेत. हा नियम दोघांना सारखा लावा.

कृष्णाकाठ दादा, माझं मत अजून तुमच्या बाजूचं आहे: विचारून घेतलेलं काहीही न विचारता घेतलेल्यापेक्षा बरं. पण आजच्या घडीला पाणीपातळीचं पान निव्वळ मजकुराचं करा, एकही स्क्रिप्ट नको. दरांच्या पानावर बागाईतदार दादांचा क्यूआर लावून बघा. मायनिंगचा विचार पुन्हा करायचा असेल तर गणित_मांडांनी आधी एवढं सांगावं: वाचकाच्या एका रुपयाच्या विजेतून निदान ऐंशी पैसे तुमच्यापर्यंत पोचतील, असं एखादं चलन आज आहे का?

---

गणित_मांडा, सांगली

ब्राउझरमधून, फोनवर, वीज विकत घेऊन? माझ्या पाहण्यात एकही नाही. कुणाला माहीत असेल तर नाव आणि हॅशचा वेग (मायनिंगची आकडेमोड सेकंदाला किती वेळा होते तो आकडा) द्या, उद्या माझ्याच मशीनला मीटर लावून मोजतो आणि आकडे इथंच टाकतो.