इम्पोर्टेड वूड चिपर झावळीला गुदमरतो: इंजिन बघायचं की पाती?

मुलुंडकर_कमिटी
सोसायटीचा पेट्रोल चिपर (फांद्यांचे तुकडे करणारं यंत्र) आहे. चिनी बनावट, ४२० सीसी, एक सिलिंडर, ड्रमवर दोन पाती, दोन बी-सेक्शन बेल्ट, सेंट्रिफ्यूगल क्लच (इंजिनचा वेग वाढला की आपोआप जोडणारा). विकणाऱ्याने ४ इंची फांदी चालेल असं सांगितलं होतं. आता गुलमोहराची २ इंची फांदीसुद्धा तो आत ओढत नाही, ती तोंडाशीच थडथडते. बाहेर चिप्सऐवजी लांब काथ्यासारखे तंतू पडतात. नारळाची झावळी घातली की शूट (चिप्स बाहेर पडायचं नळकांडं) चोंदतो आणि रबर जळल्याचा वास येतो. मेकॅनिक म्हणतो कार्ब्युरेटर नवीन टाका. पावसाळ्याआधीची छाटणी तोंडावर आहे. सुरुवात कुठून करू?

धारवाला
कार्ब्युरेटरला तूर्त हात लावू नका. आधी फांदी घालताना कान द्या. इंजिनचा आवाज खाली बसत असेल तर ड्रमवर भार जास्त पडतोय, म्हणजे पाती बोथट आहेत किंवा फट वाढली आहे. इंजिन तसंच गरजत राहिलं आणि ड्रम मात्र मंदावला, तर बेल्ट किंवा क्लच घसरतोय. तुमच्याकडे वास येतोय म्हणजे बेल्ट घसरतोच आहे, पण तो बहुतेक बोथट पात्यांचा परिणाम. नुसते बेल्ट बदललेत तर नवेही जळतील.

फांदी आत खेचली जाते ती पात्याच्या धारेमुळे. धार गेली की पातं कापायच्या ऐवजी ठोकतं, तीच तुमची थडथड. आणि तंतू निघतात ते पातं आणि खालची स्थिर पट्टी (अॅन्व्हिल) यांच्यातली फट वाढल्यामुळे. कात्री ढिली झाली की कापड कापायच्या ऐवजी दुमडतं, तसंच.

आधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला बांधा. हात आत असताना इंजिन चुकूनही चालू होता कामा नये. मग हूड उघडून प्रत्येक पातं पट्टीसमोर आणा आणि डावीकडे, उजवीकडे दोन्ही टोकांना फट मोजा. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा, नसेल तर १ ते १.५ मिमी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर हॅकसॉच्या दोन पात्यांची मागची, बिनदात्यांची कड एकत्र धरा, साधारण १.३ मिमी भरते. दोन्ही पात्यांसाठी वेगवेगळं मोजा. एक बरोबर आलं म्हणजे दुसरं येतंच असं नाही.

धार हाताच्या ग्राइंडरवर लावू नका. कड तापून निळी पडली की पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं समजा. ती धार दोन दिवसही टिकणार नाही. साकीनाका, मरोळ भागात सरफेस ग्राइंडिंगवाले आहेत. त्यांना सांगा: कूलंट सोडून, मूळ कोन (बहुधा ३० ते ४५ अंश) तसाच ठेवून, दोन्ही पाती एकाच वेळी बांधून घासा. दोन्हींतून सारखंच मटेरियल गेलं पाहिजे. नंतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. २-३ ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर जड पात्याची मागची कड, धारेची नव्हे, घासून बरोबरी करा. नाहीतर ती थरथर पुढे बेअरिंग खाते.

नागदेवी_फेरी
वरच्याला जोड, बोल्टबद्दल. पात्याचे बोल्ट परत तेच वापरू नका. डोक्यावरचा शिक्का बघा: ८.८ किंवा १०.९ असेल तर मेट्रिक, डोक्यावर तीन रेघा असतील तर अमेरिकन ग्रेड ५, सहा असतील तर ग्रेड ८. मशीन चिनी असलं तरी अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेलं असेल तर इंची आटे निघू शकतात. ३/८ इंची बोल्ट एम १० च्या भोकात दोन-तीन आटे जातोसुद्धा, आणि माणूस फसतो. पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) लावून खात्री करा, त्याच ग्रेडचा नवा घ्या, निळं थ्रेडलॉकर लावून टॉर्क पान्ह्यानेच आवळा. तासाभराच्या कामानंतर एकदा परत तपासा.

बाकी सुट्या भागांसाठी परदेशात ऑर्डर टाकायची गरज नाही. बेअरिंगवरचा नंबर (बहुधा ६२०६ किंवा यूसीएफ २०६ जातीचा) जगभर एकच असतो. नागदेवी स्ट्रीटला काउंटरवर मिळतो. बेल्टवरचा बी आणि पुढचा आकडा घेऊन जा. दोन्ही बेल्ट जोडीनेच बदला, एक जुना एक नवा ठेवलात तर सगळा भार नवाच ओढतो. ताण किती? दोन पुलींमधल्या अंतराच्या दर १०० मिमीला दीड मिमी दबला पाहिजे. आणि पुलीची खाच बघा. तळ चकाकत असेल तर बेल्ट तळाला टेकतोय, मग कितीही ताणा, घसरणारच.

माडबाग
धार लावून झाली तरी झावळीचा प्रश्न राहील, कारण झावळी म्हणजे लाकूड नव्हे. पानात सिलिका असते, ती पाती लवकर मारते. बुंध्याकडचा रुंद जाड भाग कोयत्याने वेगळा करा, तो चिपरमध्ये नकोच. राहिलेली झावळी देठाकडून घाला, झावळीची पानं मागे आपोआप मिटत येतात. शेंड्याकडून घातलीत की हीर ड्रमभोवती गुंडाळलेच. पूर्ण हिरवी किंवा पूर्ण वाळलेली चालते. अर्धवट सुकलेली चामड्यासारखी होते, ती सगळ्यात वाईट. दोन झावळ्यांमागे एक लाकडी फांदी घाला, तिच्या चिप्स शूटमधला पाला ढकलून नेतात. थ्रॉटल पूर्ण हवा. अर्ध्यावर क्लच घसरतो आणि पंख्याचा झोतही कमी पडतो. शूट चोंदला तर मशीन बंद, ड्रम थांबलेला, प्लग काढलेला, मगच काठी घाला. हात कधीच नाही.

फांद्या घालण्याआधी चाळून घ्या. मुंबईतल्या सोसायटीच्या झाडावर काय नसतं! गणपतीच्या मंडपाची नायलॉन दोरी, दिवाळीच्या माळांची वायर, पाट्यांचे खिळे, संक्रांतीचा मांजा. खिळ्याने धारेत खाच पडते ती दिसते तरी. मांजा मात्र शाफ्टवर गुंडाळला जाऊन बेअरिंगच्या सीलखाली शिरतो आणि महिन्याभराने बेअरिंग ओरडायला लागतं.

मुलुंडकर_कमिटी
मोजलं. डावीकडे ३ मिमी, उजवीकडे २.२. अॅन्व्हिलची कड गोल झाली आहे. आणखी एक: इंजिन चोक ओढल्यावर चालू होतं, चोक ढकलला की मरतं. पार्किंगच्या उतारावर तर कधीकधी चालता चालताच बंद पडतं.

धारवाला
अॅन्व्हिल काढून उलटी करून बघा, बऱ्याच मशीनवर तिच्या दोन, काहींवर चारही कडा वापरता येतात. फट मात्र पाती घासून आल्यावरच बांधा, आधी बांधून उपयोग नाही.

उतारावरचं बंद पडणं म्हणजे बहुतेक ऑइल सेन्सर, तेल कमी वाटलं की तो इंजिन बंद करतो. मशीन सपाट जागी ठेवून तेल बघा. या आकाराच्या इंजिनात साधारण १.१ लिटर १०डब्ल्यू-३० लागतं, पहिलं २० तासांनी बदलायचं, पुढे दर १०० तासांनी.

पेट्रोल_टाकी
चोक ढकलला की मरतं म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय, जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) चोंदलाय. तेव्हा तुमचा मेकॅनिक अर्धा बरोबर आहे, पण नवा कार्ब्युरेटर नको. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि ते इथल्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. महिनोन्महिने टाकीत राहिलं की पाणी-इथेनॉलचा थर खाली बसतो, आणि कार्ब्युरेटरला आधी तोच मिळतो. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा. तळाशी वेगळी रेषा दिसली तर सगळं ओतून टाका, गटारात मात्र नको. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरची खालची वाटी उतरवा, मेन आणि पायलट जेट कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करा. तार घालू नका, भोक मोठं होतं. यापुढे काम संपलं की कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यायचं.

कांदिवली_गच्ची
मध्येच विचारतो. अमेरिकेहून आलेला १२० व्होल्टचा इलेक्ट्रिक चिपर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालेल का?

नागदेवी_फेरी
मोटरची प्लेट बघा. कार्बन ब्रशवाली असेल तर फ्रिक्वेन्सीचा फरक पडत नाही, पुरेशा वॅटचा ट्रान्सफॉर्मर असला की झालं. इंडक्शन असून प्लेटवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर नको. आपल्या ५० हर्ट्झवर ती सहाव्या हिश्शाने हळू फिरेल आणि व्होल्टेज तेवढंच राहिल्याने तापेल. ट्रान्सफॉर्मरच्या पैशांत इथली २३० व्होल्टची मोटर बसवून घ्या, शाफ्टचा व्यास आणि फिरण्याची दिशा मात्र आधी जुळवा.