मदत हवी आहे: एपिसोडवाले गेम लगेच खेळावेत की थांबावं?

मंडळी, भागाभागांत येणारे गेम तुम्ही आल्या आल्या खेळता, की शेवटचा भाग आल्यावर एका दमात?

'लाइफ इज स्ट्रेंज' (२०१५, पाच भाग) मी उशिरा, दोन रात्रींत संपवला. मजा आली, पण चौथ्या भागाच्या शेवटी बसलेला धक्का पचायच्या आत पाचवा सुरूही केला होता. ज्यांनी तेव्हा जुलै ते ऑक्टोबर वाट पाहिली, त्यांनी काय काय तर्क लढवले असतील! त्यांचा हेवाच वाटतो.

उलट 'केंटकी रूट झीरो'चा पहिला अंक २०१३ ला आला नि पाचवा थेट २०२० ला. तोवर आपण खेळताना गोष्टीत कुठे काय निवडलं होतं हे कुणाला आठवतंय? 'वॉकिंग डेड' गेमच्या शेवटच्या सीझनमध्ये तर २०१८ ला तो बनवणारा टेलटेल स्टुडिओच बंद पडला. उरलेले भाग नंतर दुसऱ्या कंपनीने पुरे केले, म्हणून बरं.

'डिस्पॅच'सारखे आठवड्याला दोन भाग असतील तर चालतं मला. पण महिनोन्‌महिने गॅप असेल तर? थांबलं की सेलमध्ये स्वस्त मिळतो, पण घरात धाकटा भाऊ स्पॉयलर फोडायला टपलेलाच असतो.

तुम्ही काय करता? आणि केलेल्या निवडी कुठे लिहून ठेवता का? मी वहीच्या मागच्या पानावर लिहायचो, ती वही रद्दीत गेली.